ठाणे खाडी अभयारण्य: तिवरं, चिखल, मिठागरं आणि नेरुळची तळी

खाजणकर

पाणथळ जागांच्या जुन्या धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं की ठाण्याच्या खाडीत आता तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, रान मस्त दाट झालंय, म्हणजे खाडीचं बरं चाललंय. तिथे उत्तर द्यायला बसलो आणि प्रतिसाद मारुतीच्या शेपटीसारखा वाढत गेला, म्हणून वेगळा धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की खाडी म्हणजे नुसती तिवरं नव्हेत. किंबहुना तिवरं वाढली म्हणून खाडी तगली, हा हिशेब काही ठिकाणी उलटाही पडतो.

आधी हद्द सांगतो, कारण निम्मा घोळ तिथेच आहे. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंत, खाडीचा पश्चिम काठ म्हणजे मुलुंड-भांडुप-विक्रोळीकडची बाजू, हे 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य'. ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झालं. मालवणनंतर राज्यातलं हे दुसरं सागरी अभयारण्य. क्षेत्र साधारण १६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर कांदळवन (म्हणजे हीच खारफुटी) आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) नाव आलं तेव्हा भोवतालचा संवेदनशील पट्टा धरून ६५२१ हेक्टर झालं. नांदूरमध्यमेश्वर आणि लोणार यांच्यानंतर महाराष्ट्रातलं हे तिसरं रामसर स्थळ.

आता त्या '७९४ हेक्टर पाणी' या आकड्याकडे बघा. दिवसातून दोन वेळा त्यातल्या बऱ्याच भागात पाणी नसतंच, नुसता चिखल असतो. कागदावर जे पाणी आहे ते सुकतीला जमीन होतं, आणि खाडीतली निम्मी खाणावळ त्याच जमिनीवर चालते.

हा चिखल लांबून करडा, ओसाड आणि वासट दिसतो. ऐरोलीच्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उकिडवं बसून हातभर तुकड्याकडे बघत राहा. ऊन पडलं की थोड्या वेळाने चिखलावर सोनेरी-तपकिरी झाक चढते. तो प्रकाशाचा खेळ नाही. डायटम नावाची एकपेशीय शेवाळं उजेडासाठी चिखलातून वर येतात आणि भरतीचं पाणी यायच्या आधी पुन्हा खाली सरकतात. तेवढ्यात एका हाताने थोराड झालेला खेकडा तो पंजा वर-खाली हलवायला लागतो (हा नर, मादीचे दोन्ही पंजे बारके, ती दोन्ही हातांनी भराभर जेवते, याला मात्र एकाच हाताने जेवावं लागतं). निवट्या शेपटीवर उडी मारून शेजाऱ्याच्या बिळाजवळ जातो आणि पाठीवरचा पंख ताठ करून भांडण उकरतो. निवट्या मासा असून पाण्याबाहेर राहतो. कातडी ओली आहे तोवर तिच्यातूनही श्वास घेतो.

फ्लेमिंगो येतात ते या झाकेसाठी. आपल्याकडे दोन जाती आहेत. छोटा फ्लेमिंगो डोकं उलटं करून चोच पाण्यात आडवी फिरवतो, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवतो आणि चोचीतल्या बारीक गाळणीत शेवाळं अडकवतो. मोठ्याची गाळणी जाड, तो पायाने चिखल ढवळून किडे, झिंगे आणि बारीकसारीक जीव वेचतो. म्हणून एकाच चिखलावर दोघांचं जमतं. ठाण्याच्या खाडीत संख्येने छोटा फारच जास्त. गुलाबी रंगही अन्नातून येतो, पिल्लं करडीच असतात.

तिवरांबद्दल बरंच लिहिलं गेलंय, तरी थोडक्यात. पाण्याच्या तोंडाशी चिप्पी आणि तिवर, त्यामागे जरा उंचावर काजळा, मारांडी, कुठे गेवा, आणि अगदी मागे, जिथे उधाणाचंच पाणी पोचतं तिथे मिठाचं झाड म्हणजे पिलू, आणि मोरस. ठाण्याच्या खाडीत तिवर या जातीचंच राज्य आहे. त्याला खारही चालतो आणि सांडपाणीही. पानं मीठ बाहेर टाकतात, उन्हाळ्यात पान चाटून बघा. कांदळ (ज्याची मुळं खोडातून कमानीसारखी खाली येतात तो) इथे फार नाही. पांढरी चिप्पी २०२० पासून राज्याचा कांदळवृक्ष आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मुद्द्याची गोष्ट. भरती आली की हा चिखल बुडतो. फ्लेमिंगो पायांनी उंच असले तरी खाडीभर पाणी झाल्यावर हजारोंच्या थव्याला उभं राहायला जागा हवी. मग ते उठतात आणि भांडुप-कांजूरच्या मिठागरांत, नेरुळच्या डीपीएस तळ्यावर (डीपीएस शाळेजवळचं), एनआरआय वसाहत आणि टीएस चाणक्य या नौशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीवर, उरणकडे पाणजे-भेंडखळला जाऊन उतरतात. सहा तासांनी परत. यातली एकही जागा २०१५ च्या अभयारण्याच्या हद्दीत नाही. ताटाला संरक्षण दिलं आणि बसायच्या पाटाला दिलं नाही.

मिठागरांचीही तीच गत. ती माणसाने केलेली आहेत, निसर्गाने नाही, हे खरंच. पण बांध घातलेलं उथळ खारं पाणी भरतीच्या वेळी पाखरांना हवं तसं मिळतं. उचाट, मालगुजा, कुरव, चित्रबलाक असे सगळे तिथे दिसतात. कागदोपत्री मात्र ती 'रिकामी जमीन'.

ज्यांनी या बाजूला काम केलंय, राहिलेत, मासे धरलेत, त्यांनी लिहावं. फोटो दुसऱ्या धाग्यावर टाका, इथे चर्चा करू.

---

प्रश्नचिन्ह_मुलुंड

छान लिहिलंय. एक बाळबोध प्रश्न. हिला खाडी म्हणतात, मग नदी कुठली? लहानपणी भूगोलात उल्हास नदी ठाण्याजवळ समुद्राला मिळते असं शिकवलं होतं.

---

खाजणकर

उल्हास मिळते ती मुख्यतः वसईच्या खाडीतून, घोडबंदरच्या बाजूने. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा ठाण्याच्या खाडीला जोडलेला आहे, पण त्यातून गोडं पाणी येतं ते पावसाळ्यापुरतं. बाकी वर्षभर खालून, म्हणजे मुंबई बंदराच्या बाजूने येणारं समुद्राचं पाणी आणि दोन्ही काठांचे नाले. सव्वीसेक किलोमीटर लांबी, खाली शिवडी-न्हावाकडे ऐसपैस रुंद आणि वर ठाण्याकडे चिंचोळी. नरसाळ्याच्या या आकारामुळे वरच्या भागात आलेला गाळ सहजी बाहेर जात नाही, तिथेच बसतो. चिखल इतका का, याचं निम्मं उत्तर हेच.

---

नेरुळची_सई

डीपीएस तळ्याच्या शेजारच्या वसाहतीत राहते म्हणून लिहितेय. २०२४ च्या उन्हाळ्याआधी तळ्यात खाडीचं पाणी येणं बंद झालं होतं. पाणी येण्याचा मार्गच बुजला होता. तळं आधी शेवाळलं, मग तळाला भेगा पडल्या. नेहमीच्या वेळी थवा यायचा, वरून दोन-तीन घिरट्या घालायचा आणि रस्त्याच्या बाजूने भरकटायचा. त्या महिन्यांत मेलेले आणि जखमी पक्षी सापडले. आमच्याकडे एक फ्लेमिंगो चक्क सोसायटीच्या गेटासमोर उभा होता. वॉचमनने त्याच्यासाठी बादलीभर पाणी आणून ठेवलं आणि आम्ही पक्षीवाल्यांना फोन लावले. मंगळसूत्र ओढलं तरी दाराबाहेर न पडणाऱ्या बायका त्या दिवशी रहदारी थांबवून उभ्या होत्या.

नंतर बोंबाबोंब झाली, पाणी पुन्हा सुरू झालं, पक्षीही आले. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळं संवर्धन राखीव करायला मान्यता दिली. मला यातून कळलेली गोष्ट अशी की तळं बुजवावंच लागत नाही. एक पाइप बंद केला की पुरतं. झाडं तोडली तर ओरडा होतो, पाणी अडवलं तर महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही.

---

खडूस_अभियंता

नेहमीप्रमाणे मी विरोधी बाकावर. १९७३ मध्ये वाशीचा पूल झाला, मग त्याच्या शेजारी आणखी झाले, ऐरोलीचा झाला, जानेवारी २०२४ मध्ये शिवडीहून २१.८ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. प्रत्येक वेळी 'आता फ्लेमिंगो संपले' अशी हाकाटी झाली. बीएनएचएसच्याच (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) गणनेत २०१९ च्या जानेवारीत एक लाख वीस हजारांच्या घरात पक्षी होते ना? मग बांधकामाने पक्षी जातात हे कुठे सिद्ध झालं? बुलेट ट्रेन तर खाडीखालून सात किलोमीटर बोगद्यातून नेतायत, खर्च वाढला तरी. अभियंत्यांना अक्कलच नसते असं गृहीत धरू नका.

दुसरं म्हणजे, नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. विमानतळाजवळ पाखरांची तळी राखायची हा कुठला शहाणपणा? २० मे २०२४ ला घाटकोपरला काय झालं ते आठवा. उतरणाऱ्या विमानाला थवा धडकला आणि चाळीसेक फ्लेमिंगो पंतनगरच्या वस्तीत पडले. पक्षी गेले, पण विमानात तीनशेवर माणसं होती.

---

खाजणकर

अभियंतेबुवा, बोगद्याबद्दल पूर्ण मान्य. चिखलाला हात न लावता खालून जाणं हा चांगला निर्णय आहे. अटल सेतूवर शिवडीच्या बाजूला आवाज अडवणाऱ्या भिंती बसवल्यात, तेही नोंदवतो.

पण घाटकोपरचा दाखला तुमच्या बाजूने जात नाही. फ्लेमिंगो रात्रीही उडतात आणि भरतीप्रमाणे जागा बदलतात. त्यांच्या नेहमीच्या जागा शाबूत असतील तर वाटा ठरलेल्या राहतात: खाडी ते तळं, तळं ते खाडी. ती वाट, ती उंची, ती वेळ भरतीच्या कोष्टकावरून आधी सांगता येते. जागा गेली की तेच पक्षी संपत नाहीत, ते दुसरीकडे जागा शोधत शहरावर फिरतात, आणि मग कुठे आणि केव्हा भेटतील सांगता येत नाही. नेरुळची तळी भरून टाकली तर नवीन विमानतळ जास्त सुरक्षित होईल असं मला वाटत नाही, उलटच वाटतं. बीएनएचएसने या तळ्यांना अभयारण्याची उपपाणथळ म्हणून एकत्र राखा असं जे सुचवलंय त्यात हाही मुद्दा आहे.

आणि लाखाचा आकडा. त्याचा अर्थ 'खाडी ठणठणीत' असा लावता येईल का, यावर नाखवा लिहितील अशी आशा आहे, त्यांना व्यनि (खासगी निरोप) केलाय.

---

नाखवा_दिवाळे

व्यनि मिळाला. लिहितो, पण मी काय शास्त्रज्ञ नाही.

फ्लेमिंगो आमच्या आजोबांच्या वेळी इथे असे नव्हते. १९९० नंतर वाढले. का वाढले ते आम्हाला विचाराल तर सरळ आहे. शहराचं सांडपाणी आलं, शेवाळ वाढलं, शेवाळ खाणारा पक्षी आला. शिकलेली माणसंही बरेचदा तोच कयास सांगतात. पण त्याच पाण्याने आमचा जिताडा गेला. बोईट आहे, शिंगाळा आहे, कोळंबी कमी झाली. भांगाच्या पाण्यात, म्हणजे सप्तमी-अष्टमीला, पाणी फारसं हलत नाही, तेव्हा वरच्या बाजूला कधी कधी मासा पोट वर करून तरंगतो. पाण्यात जीवच नसतो. फ्लेमिंगोला त्याचं काही नाही, तो वरच्यावर खातो आणि उडून जातो.

म्हणून पेपरात गुलाबी फोटो आला की आमच्या गावात कुणी टाळ्या वाजवत नाही. अभयारण्य झालं तेव्हा आधी धास्ती होती की आता पाग (फेकायचं जाळं) टाकायला पण परवानगी लागणार.

आणि चिखलाबद्दल बरोबर लिहिलंय. आमच्या बायका सुकतीला चिखलात उतरून तिसऱ्या, कालवं, निवट्या आणतात. फळीवर एक गुडघा टेकायचा, दुसऱ्या पायाने रेटायचं, चिखलावरून घसरत जायचं. बिळात कोपरापर्यंत हात घालून चिंबोरी काढणं ही कला आहे, पंजा कुठल्या बाजूला आहे ते हाताला आधी कळावं लागतं. जिथे त्या जायच्या तिथे आता तिवरं उगवलीत. आत शिरताच येत नाही, वर येणारी ती टोकदार मुळं पायात घुसतात. तिवर वाईट नाही, मासा तिथेच वाढतो, पिल्लं तिथेच लपतात. पण चिखल गेला तर तो बायकांचा गेला, पुरुषांच्या होडीचा नाही, म्हणून त्याची तक्रार पण नोंदत नाही.

भरपाईचं म्हणाल तर खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या वेळी आमची माणसं कोर्टात गेली होती. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की मच्छीमारांना भरपाई द्या आणि त्याचं धोरण ठरवा. पूल मात्र कुणाच्या धोरणाची वाट बघत नाही.

---

ऐरोली_सेक्टर_आठ

नाखवादादा, एक नंबर. फळीवरून जाणाऱ्या बाया मी पुलावरून रोज बघते, बस पुढे जाईपर्यंत.

---

खाजणकर

नाखवांनी जे लिहिलं त्यावर थोडी भर. वरच्या भागात तिवरं पुढे का सरकली? बांधकामांचा आणि खाणींचा गाळ आला, तळ उंचावला, सांडपाण्याचं खत मिळालं. तिवराचं बी पाण्यावर तरंगत येतं आणि उथळ, शांत चिखल मिळाला की रुजतं. म्हणजे चिखलाचं रान होणं हे काही अंशी खाडी भरत चालल्याचं लक्षण आहे. हे आपोआप होत असेल तर एक वेळ ठीक. पण वर्षातून एकदा कुठली तरी कंपनी टी-शर्ट वाटते आणि शे-दोनशे माणसं उघड्या चिखलात रोपं लावून येतात, तेव्हा डोक्याला हात लावावासा वाटतो. ओसाड दिसला म्हणून हिरवा केला! तो चिखल म्हणजे पाखरांचं भरलेलं ताट होतं, त्यावर तुम्ही मांडव घातला.

कायद्यानेही हा कल पक्का केला. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनांना संरक्षण दिलं, ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली, २०१८ मध्ये त्यावर अंतिम निकाल आला. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. हे सगळं झालं नसतं तर आज मुलुंड ते मानखुर्द काठावर टॉवर असते, यात शंका नाही. पण संरक्षण झाडाला चिकटलं. झाड दिसतं, मोजता येतं, उपग्रहातून हिरवं दिसतं. उघडा चिखल, मिठागर आणि तळं यांच्यासाठी इतका धारदार कायदा आपल्याकडे नाही.

---

चोडणकार

आमच्या गोव्याच्या मांडवीतली गोष्ट सांगतो, तुलना करायला बरी. चोडण बेटाच्या टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १९८८ चं. इवलंसं, १७८ हेक्टर, रायबंदरहून फेरीने पाच-सात मिनिटांत पलीकडे. तिथे मांडवीचं गोडं पाणी भरपूर, त्यामुळे झाडांत विविधता जास्त. कांदळ, चिप्पी, तिवर, गेवा सगळे शेजारी शेजारी. होडीतून गेलात तर दोन्ही बाजूंनी कमानीची मुळं.

पण तुमचा चिखल-तळ्यांचा मुद्दा आमच्याकडे खाजनांना लागू होतो. बांध घालून खाडीचं पाणी अडवायचं, मानशीच्या दारांतून भरती-ओहोटीप्रमाणे सोडायचं-रोखायचं, पावसाळ्यात खाऱ्या जमिनीत कोरगुट भात आणि नंतर मासे. बगळे, टिटव्या, स्थलांतरित पाखरं याच शेतांत उतरतात. आता भात कुणी करत नाही, बांध फुटतात, दारं कुजतात, पाणी आत येतं आणि चार वर्षांत तिथे कांदळ उगवतो. एकदा उगवला की तो वन, मग मालकाला बांधही दुरुस्त करता येत नाही. पर्यावरणवाले खूश, शेतकरी आणि पाखरं दोघंही हद्दपार. मी कांदळाच्या विरोधात नाही हां, फक्त जे आहे ते सांगितलं.

---

ग्रोनिंगेनहून_राधिका

इथे नेदरलँड्समध्ये वाडन समुद्राच्या काठी राहते. २००९ पासून तो चिखल जागतिक वारसा आहे, जर्मनी आणि नेदरलँड्सचा मिळून (डेन्मार्क नंतर आला). ओहोटीला लोक वाटाड्याबरोबर मैलोन्‌मैल चिखलातून चालत बेटांवर जातात आणि त्याचे पैसे मोजतात. माझ्या सासूबाई भारतातून आल्या तेव्हा म्हणाल्या, "चिखल तुडवायला पैसे? आमच्या गावाला या, फुकट तुडवा." मुद्दा असा की झाड नसलेला चिखल जपायचा असतो, ही गोष्ट लोकांच्या गळी उतरवता येते. इथे शाळेतल्या मुलांना चिखलातले किडे चाळणीने चाळायला लावतात.

---

खडूस_अभियंता

ठीक आहे, चिखलाचं पटलं. तळ्यांचं अर्धं पटलं. मिठागरांचं अजिबात नाही. भांडुप-कांजूर-मुलुंडची मिठागरं वर्षानुवर्षं पडीक आहेत. धारावीच्या पुनर्वसनासाठी २०२४ मध्ये २५६ एकरांच्या आसपास जमीन द्यायचं ठरलं तेव्हा पुन्हा ओरडा. मुंबईत माणसांनी राहायचं कुठे? पाखरांना उरण आहे, कच्छ आहे. माणसाला कर्जत.

---

नेरुळची_सई

अभियंतेकाका, घरांची गरज मलाही कळते, आम्ही तीन पिढ्या भाड्याने काढल्यात. पण मिठागर फक्त पाखरांसाठी नसतं. ती सखल जमीन आहे. २६ जुलैसारखा पाऊस आणि उधाण एका वेळी आलं तर खाडीचं आणि नाल्यांचं पाणी पसरायला जागा लागते. तिथे भराव घालून इमारती उभ्या केल्या तर ते पाणी कुणाच्या तरी तळमजल्यात जाणार. बहुतेक त्याच पुनर्वसनवाल्यांच्या.

---

खडूस_अभियंता

पाणी पसरायचा मुद्दा योग्य आहे. त्याचा हिशेब मांडून दाखवला तर ऐकेन. 'पाखरं बिचारी' यावर नाही ऐकणार.

---

रानमांजर

कोल्ह्यांचं कुणी लिहिलं नाही! विक्रोळी आणि नवी मुंबईच्या तिवरांत सोनेरी कोल्हे आहेत. खेकडे, मासे, उंदीर आणि आता आपला कचरा खातात. रात्री ऐरोलीच्या रस्त्यावर दिसला की लोक 'लांडगा लांडगा' करून व्हिडिओ टाकतात. भटक्या कुत्र्यांशी गाठ पडते तिथे रेबीजची भीती, २०२४ मध्ये चेंबूरकडे तसं झालंही होतं. कोल्ह्याला मागची सुकी, उंच बाजू लागते, पिलू आणि मोरसवाली. ती सगळ्यात आधी जाते, कारण तिथे डेब्रिजचे ट्रक सहज पोचतात. रात्री दोन ट्रक रिकामे झाले की महिन्याभरात टपरी, वर्षात मंदिर.

---

प्रश्नचिन्ह_मुलुंड

आता कामाचं विचारतो. मुलांना घेऊन जायचंय. केव्हा आणि कुठे? गेल्या वेळी आम्ही रविवारी सकाळी आठला गेलो आणि पक्षी ठिपक्याएवढे दिसले.

---

खाजणकर

नोव्हेंबर ते मे. छोटे फ्लेमिंगो जानेवारीनंतर वाढतात, मार्च-एप्रिलला रंगही चांगला असतो. पावसाच्या तोंडावर कच्छ-गुजरातकडे निघतात, मागे काही रेंगाळतात.

वेळ घड्याळावर नाही, तिथीवर ठरवा. कोळ्यांचा साधा हिशेब: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा. दिवसातून दोन भरत्या, साडेबारा तासांच्या अंतराने. मध्ये साधारण सहा तासांवर ओहोटी. हा हिशेब मुंबई बंदराच्या जवळचा, ऐरोलीपर्यंत पाणी चढायला थोडा वेळ जास्त लागतो.

पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या आसपास येते आणि उधाणाची असते. म्हणजे त्या दिवशी अकरा ते एक नेरुळला तळ्यावर जा, खाडी बुडालेली असते आणि थवे तिथे उतरतात. दुर्बीण नसली तरी चालेल इतके जवळ. होडीने जायचं तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. तिथल्या फेऱ्या भरतीच्या वेळेप्रमाणे बदलतात, आधी विचारून जा. पाणी चढत असताना निघालात तर पक्षी हळूहळू काठाकडे सरकत येतात, तीच उत्तम वेळ. भांडुपच्या पंपिंग स्टेशनच्या बाजूने चालत जाता येतं, पण पहाटे, आणि मुलांना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, डास फाडून खातात.

ड्रोन नको. थवा उडताना छान दिसतो म्हणून टाळ्या वाजवून उडवणारेही भेटतील, त्यांना दोन शब्द सुनवा.

---

प्रश्नचिन्ह_मुलुंड

तिथीचं भन्नाट आहे. कालनिर्णय काढून बसलोय. बायको विचारतेय कुठला मुहूर्त काढतोयस.

नाखवादादा, निवट्यांचं कालवण कसं करतात? बाजारात दिसतात पण घ्यायचं धाडस होत नाही.

---

नाखवा_दिवाळे

कालवण नको, सुकं करा. जिवंतच मिळतात, उड्या मारतात, झाकण असलेलं भांडं न्या. आधी जाडं मीठ टाकून जोरात चोळायचे, बुळबुळीतपणा गेला पाहिजे, तीन-चार पाण्यांतून काढायचे. डोकं ठेवायचं की नाही ते तुमच्यावर, आमच्याकडे ठेवतात. कांदा, भरपूर लसूण, कोळी मसाला, दोन आमसुलं, पाणी जवळजवळ नाही. झाकण ठेवून मंद आचेवर, आणि ढवळायचं नाही, भांडं हलवायचं, नाहीतर मोडतात. तांदळाची भाकरी.

घेताना कोळणीला विचारा कुठल्या पाण्यातले. उरणकडचे असले तर बिनधास्त घ्या. वरच्या खाडीतल्यांना रॉकेलसारखा वास मारतो, मसाल्यानेही जात नाही. आमची आई ते टोपलीत बघितले की पुढे चालू लागते.